उपऱ्यांचा रकाना

बाईंच्या प्रयोगशाळेच्या दारावर पाटी होती : ‘फुले, गजरे, अगरबत्ती आणि मते बाहेर ठेवून आत यावे.’ पुण्यात पाट्यांचं कुणाला नवल नाही, त्यामुळे लोक ती वाचत, हसत आणि सगळं घेऊन तसेच आत येत. मग बाई त्यांना तसेच बाहेर काढत. एकदा संचालकांच्या सौभाग्यवती मोगऱ्याचा गजरा माळून हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आल्या. बाईंनी दारातच हात आडवा धरून सांगितलं, “आपण या. गजरा तिथे खुर्चीवर बसेल.” त्या वर्षी बाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यांना मॅडम म्हटलेलं खपत नसे. मॅडम दुकानात म्हणतात, असं त्या सांगत. आम्ही बाई म्हणायचो. त्या आम्हाला अगं-तुगं करत, आणि ‘आपण’ म्हणाल्या की समजायचं, काहीतरी फार चुकलंय.

मी एम.एस्सी. होऊन त्यांच्याकडे प्रकल्प सहायक म्हणून लागले, तेव्हा आम्ही खडकीला क्वार्टर्समध्ये राहायचो. वडील कारखान्यात होते. क्वार्टर्समधली निम्मी पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली होती आणि उरलेली निम्मी त्या क्लासची जाहिरात वाचत होती. अशा दिवसांत मी तळ्यातला चिखल धुण्याची नोकरी धरली, याचं वडिलांना भयंकर वाईट वाटलं. शेजाऱ्यांनी विचारलं की ते ‘संशोधनात आहे’ एवढंच सांगत आणि विषय पाण्याच्या वेळेकडे वळवत.

पहिल्या दिवशी बाईंनी माझं नाव विचारलं नाही. माझ्या पिशवीच्या झाकणावरून एक चिकट काचपट्टी फिरवली, ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि दहा मिनिटांनी म्हणाल्या, वाटेत सुरूची झाडं आहेत, रेल्वेच्या कडेला गाजरगवत माजलंय आणि घरामागे एरंड आहे. एरंड आमच्या मागच्या नाल्यावर खरंच होता. मी हरखून गेले. पुढे कळलं की हा प्रयोग त्या सगळ्यांवर करत. पोस्टमन, सासूबाईंचा डबा पोचवायला येणारा दीर, ऑडिटला आलेले साहेब, कुणालाही सोडत नसत. ऑडिटच्या साहेबांना त्यांनी सांगितलं होतं की आपण कालची सुट्टी सिंहगडावर घालवलीत. साहेबांनी आदल्या दिवशी आजारी असल्याची रजा टाकली होती.

काम साधं होतं, म्हणजे सांगायला साधं. झाडं फुलतात, त्यांचे परागकण वाऱ्याने उडतात, तळ्यात पडतात आणि गाळात बसतात. त्या कणांचं कवच इतकं चिवट की हजारो वर्षं कुजत नाही. दरवर्षीचा गाळ आधीच्या गाळावर बसतो. तळ्यात एक लांब नळी ठोकायची, आतला गाळ अख्खा वर काढायचा, तळ म्हणजे जुना काळ आणि वरचं टोक म्हणजे आजकाल. मग त्याच्या चकत्या करायच्या, तेजाबात उकळायच्या आणि राहिलेले कण एकेक ओळखून मोजायचे. प्रत्येक चकतीत तीनशे. त्यावरून कळतं की त्या काळी तिथे रान होतं, माळ होता की शेतं होती.

मोजताना बाई एक बोट वर धरत. ते बोट वर असेपर्यंत प्रयोगशाळेत कुणी बोलायचं नाही. एकदा त्यांच्या बहिणीचा फोन आला, मुलाला अमेरिकेचा व्हिसा मिळाला हे सांगायला. बाईंनी रिसीव्हर उचलला, “दोनशे अठ्ठ्याऐंशी” म्हणाल्या आणि ठेवून दिला. बहीण दिवाळीपर्यंत बोलली नाही.

ओळखायला नमुने लागत, त्यासाठी त्या सकाळी सकाळी मार्केट यार्डात जात. फुलांच्या गाळ्यांवर सगळे झेंडू-शेवंतीचा भाव करत असताना ही बाई प्रत्येक ढिगाखालचा कागद झटकून पुड्या बांधायची. एक हमाल मला मोठ्या कौतुकाने म्हणाला होता, “ह्या बाईंना फुलं नगं, फुलांची धूळ पायजे. आमी राखून ठेवतो.” आणि खरोखरच ठेवायचे. संस्थेच्या कुठल्याही अनुदानापेक्षा ती धूळ वेळेवर मिळे.

प्रयोगशाळेची खिडकी मात्र कधीही उघडायची नाही. मे महिन्यात आतल्या आत घामाने निथळत आम्ही चकत्या करायचो. गाद्यांच्या दुकानासारखी कोंदट हवा, वर तेजाबाचा वास. मी एकदा म्हटलं की जरा फट ठेवू या. त्या म्हणाल्या, “ती खिडकी एकदा उघडी राहिली होती. सहा कण आत आले. पुन्हा येणार नाहीत.” मला वाटलं, हाही एक चक्रमपणा.

मोजणीच्या तक्त्यात आंबा, जांभूळ, गवत, धान्य असे रकाने असत. शेवटचा रकाना बाईंचा स्वतःचा होता. त्याचं नाव ‘उपरे’. ज्या कणाचं त्या थरात काहीच काम नाही, जो कुठूनतरी घुसला असणार, तो तिथे लिहायचा. छापताना हा रकाना कुणीच छापत नाही, बाईही नाही. पण लिहायचा मात्र प्रत्येक वेळी. दिसलं ते लिहायचं, पटलं ते नंतर, असं त्यांचं म्हणणं.

बाईंचं नाव ज्या लेखामुळे झालं, तो त्यांनी ऐन तरुणपणी लिहिला होता. घाटमाथ्यावरच्या एका पठारावर लहानसं तळं आहे. त्यांच्या गुरूंनी त्यांना तिथे पाठवलं, त्यांनी नळी ठोकली, गाळ काढला, मोजला. तळाशी झाडांचे कण, वर गवताचे. निष्कर्ष उघड होता : इथे पूर्वी दाट रान होतं, माणसांनी तोडलं आणि माळ झाला. लेख गाजला. पाठ्यपुस्तकात तक्ता गेला. आणि त्या तक्त्याच्या भरवशावर दर पावसाळ्यापूर्वी त्या पठारावर खड्डे खणून रोपं लावायला सुरुवात झाली, गेलेलं रान परत आणायचं म्हणून.

एका उन्हाळ्यात बाई मला तिकडे घेऊन गेल्या. स्वारगेटवरून एस.टी., मग चालत. पठारभर खड्डे होते आणि बहुतेकांत वाळक्या काटक्या. एक मेंढपाळ म्हातारा तिथे बसला होता. बाईंनी त्याला विचारलं की इथलं रान कधी गेलं. तो म्हणाला, “रान? हितं कवाबी रान न्हवतं, बाई. आमच्या आज्याच्या आज्यानंबी गवातच बगितलंय. ही तळ्याकडची आंब्याची झाडं तेवढी गावानं लावल्यात.” परतीच्या एस.टी.त तीन तास त्या गप्प होत्या, आणि बाई तीन तास गप्प, ही बातमी होती.

त्यानंतर त्यांनी एकच ध्यास घेतला. एक तळं म्हणजे एक साक्षीदार, एकट्या साक्षीदारावर खटला चालवू नये, असं त्या म्हणू लागल्या. परदेशातल्या काही लोकांनी इंटरनेटवर एक सामायिक साठा सुरू केला होता. जगभरच्या तळ्यांतल्या परागकणांचे मूळ आकडे त्यात टाकायचे आणि ज्याला हवे त्याने वापरायचे. आपल्या भागातल्या सगळ्या तळ्यांचे आकडे त्यात एकत्र आले, तर पठार खरंच रान होतं की नाही ते कळेल. न आले तर खड्डे चालूच राहतील. एवढा सरळ हिशोब होता.

पण आकडे कुणी देईना. प्रत्येकाचं कपाट, प्रत्येकाचं कुलूप. सगळ्यात मोठं कुलूप बाईंच्याच गुरूंच्या दुसऱ्या एका शिष्याचं. हे सर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत, निवृत्त झाले होते, आणि त्याच डोंगररांगेतल्या चार तळ्यांच्या मोजण्या त्यांच्या घरातल्या लोखंडी कपाटात पडून होत्या. त्यावर त्यांनी एक ओळही छापली नव्हती. आम्ही आपसात त्यांना कपाटसर म्हणायचो. बाई दर दोन-तीन महिन्यांनी त्यांच्याकडे जात. चहा मिळे, बिस्किटं मिळत, कपाटाचा विषय निघाला की सर ‘बघू’ म्हणत आणि खिडकीबाहेर बघत. बाहेर आल्यावर बाई म्हणत, “वाळवीला देतील, मला देणार नाहीत.”

एव्हाना मी वडिलांना सुखी केलं होतं. संध्याकाळचा क्लास केला, हिंजवडीला नोकरी लागली, गळ्यात पट्टा आला आणि सकाळी नाक्यावर कंपनीची बस यायला लागली. बाईंना सांगायला गेले तेव्हा रडूच येत होतं. त्या म्हणाल्या, “जा. पण शनिवार माझा.” इतर कुणी म्हटलं असतं तर मी टाळलं असतं. बाईंना टाळायची माझी हिंमत नव्हती, आणि खरं म्हणजे इच्छाही नव्हती. कंपनीतली मैत्रीण विचारायची, “अगं, वीकेंडला तू चिखल काय टाइप करतेस?” करत होते मात्र अगदी तेच. दुसऱ्यांकडे मागायचं तर आधी आपले द्यायचे, म्हणून बाईंनी स्वतःचे सगळे तक्ते सामायिक साठ्यात टाकायला काढले होते. त्या वाचत, मी संगणकात भरत असे. सगळे रकाने. उपरेसुद्धा.

गाजलेल्या तळ्याचे आकडे पाठवले त्याच्या पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. साठा सांभाळणाऱ्या कुणा परदेशी मुलाने अतिशय अदबीने विचारलं होतं की सर्वांत खालच्या थरात, उपऱ्यांच्या रकान्यात, गाजरगवताचे सहा कण दिसतात. ही वनस्पती आमच्या माहितीप्रमाणे तुमच्याकडे अलीकडे आली. कृपया खुलासा करावा.

मी सहज म्हणाले की खिडकीतून आले असं कळवू, किंवा नाहीतरी छापायचा नसलेला रकाना, रिकामाच ठेवू. एक बटण दाबलं की झालं.

“आपण आता घरी गेलात तरी चालेल,” बाई म्हणाल्या.

मी गेले नाही. जागच्या जागी बसून राहिले. बाईंनी मूळ तक्ता काढला, पिवळा पडलेला, स्वतःच्या अक्षरातला. बराच वेळ बघत बसल्या. मग तो टेबलावर हळूच फिरवला, खालची बाजू वर. त्यांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत बाई घाबरलेल्या मी त्या एकदाच पाहिल्या.

नळी काढली की तिच्या वरच्या टोकाला लाल चिंधी बांधायची, अशी त्यांची पद्धत होती. पहिल्या खेपेला ती नळी एस.टी.च्या टपावरून आली. स्वारगेटला हमालाने उतरवली तेव्हा चिंधी सुटून त्याच्या हातात आली होती. त्याने ती मोठ्या आपुलकीने पुन्हा बांधून दिली. कुठल्या टोकाला, ते बाईंनी विचारलं नाही. गाळ दोन्हीकडे सारखाच काळा. वय काढणाऱ्या प्रयोगशाळेत रांग मोठी, म्हणून एकच नमुना पाठवला होता, अगदी मधला, आणि मधला भाग नळी उलटी केली तरी मधलाच राहतो. काठावर आंबे उभे असताना वरच्या थरात झाडं का नाहीत, असं बाईंनी तेव्हा गुरूंना विचारलं होतं. ते म्हणाले, माळ मोठा आहे, गवत जास्त येणारच. आणि ते सहा कण? खिडकी उघडी राहिली असेल. त्या दिवसापासून खिडकी बंद.

“कुणीही घुसलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “ते आपल्या जागीच होते. मीच तीस वर्षं उलटी उभी होते.”

त्या निवृत्त व्हायला चार-पाच महिने राहिले होते. निरोपाच्या दिवशी सत्कार आणि त्यांचं भाषण ठरलेलं, विषय अर्थातच तो लेख. आयुष्यभराचं नाव एका चिंधीवर टांगलेलं होतं. गप्प राहिल्या असत्या तर जगात आम्हा दोघींनाच माहीत राहिलं असतं, आणि मी कुणाला सांगितलं नसतं. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्यांनी डबा उघडला नाही, त्या दिवशी जेवल्याच नाहीत. दुपारी साडेतीनला त्या अचानक हसायला लागल्या. अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाल्या, “अगं, म्हणजे तो म्हातारा बरोबर होता की!”

नळी उभी चिरून राखून ठेवलेला अर्धा गाळ तळघरातल्या पेटीत होता. त्याच्या दोन्ही टोकांचे नमुने वय काढायला गेले. उत्तर सत्काराच्या आदल्या आठवड्यात आलं. ‘खालचं’ टोक अगदी आजकालचं होतं.

सत्काराला सभागृह भरलं होतं. संचालक, त्यांच्या सौभाग्यवती (गजरा न माळता), बाईंचे जुने विद्यार्थी, पाठ्यपुस्तकवाले, वृक्षारोपणवाले आणि मागच्या रांगेत कपाटसर. बाई उठल्या आणि आपला जगप्रसिद्ध तक्ता प्रोजेक्टरवर उलटा ठेवला. पडद्यावर सगळी अक्षरं डोक्यावर उभी राहिली. आयोजकांपैकी एकजण लगबगीने धावला आणि त्याने तो सुलटा केला. बाईंनी पुन्हा उलटा केला. तो पुन्हा पुढे झाला.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “तीस वर्षं सुलटा ठेवला, तेव्हा चुकीचा होता.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. नळी, टप, चिंधी, सहा कण. हमालाला दोष देऊ नये, विचारायचं काम माझं होतं, हेही सांगितलं. पठार आधीपासून माळच होता, झाडं नंतर माणसांनी आणली, असं माझं तळं आता म्हणतंय, त्या म्हणाल्या. पण एकटं तळं काहीही म्हणतं, हे आपण सगळ्यांनी आत्ताच पाहिलं. म्हणून आपापली कपाटं उघडा. मी माझं पार उपऱ्यांसकट उघडलं, आणि बघा, जिवंत आहे.

टाळ्या वाजवाव्यात की हळहळावं, ते लोकांना ठरवता येईना. संचालक माइककडे सरकले. वृक्षारोपणवाले एकमेकांकडे बघत होते. मला पहिल्या रांगेत बसून बाईंचा अभिमान वाटत होता, आणि भीतीही तेवढीच, की आता कुणीतरी उठून काहीतरी खोचक बोलणार.

उठले ते कपाटसर. पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

“माझी चारही तळी तळाशी गवतच दाखवतात,” ते म्हणाले. “गवत, गवत आणि गवत. तुमच्या तळ्यात रान. मला वाटलं, माझीच मोजणी चुकली. पुन्हा मोजलं. तेच आलं. म्हणून कुलूप लावलं.”

बाई व्यासपीठाच्या कडेपर्यंत पुढे आल्या.

“अहो, मग बोलायचं नाही का?” त्या म्हणाल्या.

“तुमचा लेख पाठ्यपुस्तकात होता, बाई.”

बाई व्यासपीठाच्या पायऱ्या उतरल्या. मधल्या वाटेने सरळ मागच्या रांगेपर्यंत गेल्या आणि म्हणाल्या की चला. सरांनी विचारलं, कुठे. तुमच्या घरी, बाई म्हणाल्या, आणि मला खुणेने बोलावलं. मी संगणकाची पिशवी उचलून धावले. सभागृह आता मात्र उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि त्या टाळ्यांतून आम्ही तिघं लग्नाच्या वरातीसारखे बाहेर पडत होतो. संचालक शाल हातात घेऊन मागोमाग दारापर्यंत आले. बाई, सत्कार राहिलाय, असं त्यांनी काकुळतीला येऊन सांगितलं.

“तो सरांचा करा,” बाई वळून म्हणाल्या. “पण संध्याकाळी. आत्ता त्यांना वेळ नाही.”

रिक्षात सर एका कडेला अंग चोरून बसले होते. मग त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि बाईंना हळूच विचारलं की त्या साठ्यात उपऱ्यांचा रकाना भरायची सोय आहे ना, कारण त्यांच्याकडेही तो आहे, चारही तळ्यांचा, आणि तो आजवर कुणाला दाखवलेला नाही.

“किती आहेत?” बाईंनी विचारलं.

“मोजलेत सगळे,” सर म्हणाले, आणि इतकी वर्षं ज्यांना आम्ही कपाट म्हणत होतो ते सर ओंजळीत तोंड लपवून हसायला लागले.